हे धन कोणाचं?
वसईच्या ख्रिस्ती समाजातला पैसा आणि दान: एक आढावा

संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि जपानमध्ये क्रुसावर हुतात्मा झाले, हे इथल्या ख्रिस्ती घरातल्या मुलाला लहानपणीच कळतं. ते काही वर्षं व्यापारी होते, हे मात्र प्रवचनात क्वचितच येतं. किशोरवयात ते जेज्वीट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि काही वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. पुढे त्यांनी स्वतःचा व्यापार सुरू केला आणि त्यात त्यांना बरकतही आली. मग तो पसारा आवरून ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानात गेले. त्यांचे संघबंधू तिथे कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्या मालाच्या जप्तीवरून वाद पेटला आणि तो ख्रिस्ती लोकांवरच्या संकटाचं निमित्त ठरला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर दिलं गेलं. त्यात गोन्सालो होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

म्हणजे वसईच्या या सुपुत्राच्या आयुष्यात पैसा दोनदा निर्णायक ठरला. एकदा त्यांनी तो स्वतः बाजूला ठेवला, एकदा दुसऱ्यांच्या लोभातून सुरू झालेल्या प्रकरणात त्यांचा जीव गेला. गेल्या तीन-चार दशकांत वसईत जेवढा पैसा आला तेवढा आमच्या आज्या-पणज्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणून ख्रिस्ती धर्म पैशाविषयी आणि देण्याविषयी काय सांगतो, इतिहासात ख्रिस्ती लोकांनी त्याचं काय केलं आणि आज आपण कुठे उभे आहोत, हे एकत्र मांडून पाहायला हवं.

जमीन देवाची, आपण कुळं

दानाविषयी बोलताना आपण बहुधा दयेपासून सुरुवात करतो. बायबल मालकीपासून सुरुवात करतं. जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायाचा गाभा असा की जमीन देवाची आहे आणि माणसं तिच्यावर राहणारी उपरी आहेत. कुळकायदा पाहिलेल्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल: देव जमीनमालक, आपण कुळं. बाकीचे सगळे नियम याच एका गृहीतातून निघतात. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, खाली पडलेल्या लोंब्या उचलायच्या नाहीत. त्या गरिबाच्या आणि परक्याच्या. परक्या देशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात धान्य वेचते ती याच नियमाच्या आधारावर. ते धान्य तिला शेतमालकाच्या मेहेरबानीने मिळत नाही. तो तिचा हक्क आहे. अनुवाद ग्रंथात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायला सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षात, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असा दंडक आहे.

येशूने हाच धागा पुढे नेला आणि तो माणसाच्या आत वळवला. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत मोठ्या रकमा टाकत होते. एका विधवेने दोन दमड्या टाकल्या आणि येशूच्या मते सर्वांत मोठं दान तिचंच होतं. बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं, तिने जगण्यातलं दिलं. किती दिलं यापेक्षा देऊन मागे किती उरलं, हे त्याचं माप होतं. जकातदार जक्कयाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. येशू घरी आल्यावर तो अर्धी संपत्ती गरिबांना देतोच, शिवाय ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करण्याचं कबूल करतो. म्हणजे जक्कयाने आधी कमाईचा हिशेब मांडला. वाईट मार्गाने आलेला पैसा दानात धुऊन निघतो, अशी सवलत या कथेत कुठेही नाही.

उलट बाजूला भरघोस पीक आल्यावर मोठी कोठारं बांधायला निघालेला शेतकरी आहे. त्याच रात्री त्याचा प्राण जातो. सर्व आज्ञा पाळणारा, पण संपत्ती सोडता न आल्याने खिन्न होऊन निघून जाणारा तरुणही आहे. इथून ख्रिस्ती परंपरेत दोन वाटा फुटल्या. सगळं सोडून देणाऱ्यांची एक: वाळवंटातले संन्यासी, असिसीचा फ्रान्सिस आणि आपला गोन्सालो. दुसरी वाट घरदार, शेती, धंदा सांभाळून विश्वस्तासारखं जगणाऱ्यांची. बहुतेकांची वाट दुसरीच असते आणि तीही खरी आहे. पण विश्वस्त स्वतःला मालक समजू लागला की ती वाट चुकते.

बेसिलच्या कोठारापासून पापडीच्या बँकेपर्यंत

चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बेसिल यांनी दुष्काळात श्रीमंतांना बजावलं की कोठारात पडून असलेली भाकरी उपाशी माणसाची आहे. योहान क्रिसोस्तोम यांनी गरिबांना वाटा न देणं ही चोरीच आहे असं म्हटलं. बेसिल बोलून थांबले नाहीत. त्यांनी शहराबाहेर आजारी, प्रवासी आणि गरीब यांच्यासाठी जणू एक वसाहतच उभारली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हाच विचार आधुनिक भाषेत मांडला: सृष्टीतली साधनं सर्वांसाठी आहेत आणि खासगी मालकीचा हक्क त्या मर्यादेत राहतो.

मधल्या काळात व्याजाचा प्रश्न शतकानुशतकं धुमसत राहिला. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने व्याजाला बंदी केली होती, पण गरिबाची नड थांबली नाही आणि सावकारही थांबले नाहीत. मग पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कनांनी गहाण ठेवून अल्प आकारात कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या. पेरुजाची पेढी १४६२ मधली. सढळ हाताने भिक्षा देण्यापेक्षा सावकाराच्या पकडीतून सोडवणं मोठं, हे इथे संस्थेच्या रूपात दिसलं.

पोर्तुगीज वसईत याच काळातली एक दुसरी संस्था आली. १४९८ मध्ये लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या आश्रयाने स्थापन झालेल्या ‘मिझेरिकोर्दिया’ या दयासंघाची शाखा वसईच्या किल्ल्यातही होती. भुकेल्याला अन्न, कैद्याची भेट, मृताला मूठमाती अशी दयेची कामं सामान्य श्रद्धावंतांनी संघटितपणे करावीत, ही त्यामागची कल्पना. पण चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच राजवटीत गावांचा महसूल पोर्तुगीज सरदारांकडे आणि धार्मिक संघांकडे जात होता. एका हाताने सारा घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने भिक्षा घालायची, हा व्यवहार तेव्हा कोणाला खटकला की नाही, आज सांगता येत नाही. आपल्याला तो खटकायला हवा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातली मोठी देवळं पुढे ओसाड पडली, पण वाडीतल्या माणसांची श्रद्धा टिकली.

त्या माणसांना भिक्षेहून अधिक उपयोगी पडलं ते विसाव्या शतकात, आणि त्याचं मूळ जर्मनीत होतं. १८४६-४७ च्या कडक हिवाळ्यात जर्मनीतल्या एका खेड्याचे प्रमुख फ्रीडरिश रायफायझेन यांनी श्रीमंतांकडून निधी जमवून भुकेल्यांना भाकरी पुरवली. पण श्रीमंतांच्या मर्जीवर उभं काम टिकत नाही, हे त्यांना कळत गेलं. १८६४ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांची परस्परांना जामीन राहणारी पतसंस्था सुरू केली. ते निष्ठावान ख्रिस्ती होते आणि शेजारप्रीतीची आज्ञा पाळण्याचा हाच टिकाऊ मार्ग त्यांना वाटला. फ्रेडरिक निकोलसन यांनी मद्रास सरकारसाठी या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९०४ मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पुढे चौदा वर्षांनी, १९१८ मध्ये, वसईतल्या पापडी इथे मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतपेढी उभी राहिली. आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक तीच. एका धर्मगुरूने दानपेटीच्या बरोबरीने पासबुक लोकांच्या हाती दिलं. वसईच्या ख्रिस्ती समाजातलं सर्वांत दूरदृष्टीचं ‘दान’ कोणतं, असं विचारलं तर मी या पतपेढीचं नाव घेईन. तिने माणसाला याचक न करता सभासद केलं.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात हेच सूत्र केडगावलाही दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. मुक्ती सदनात त्यांना अन्न आणि निवारा तर मिळालाच, शिवाय छपाई, विणकाम, शेती अशी हाताला कामंही शिकवली गेली. मिळालेलं दान रमाबाईंनी त्या बायकांच्या कमाईच्या ताकदीत बदललं.

दहावा हिस्सा: कायदा की सवय?

ख्रिस्ती माणसाने उत्पन्नाचा दहावा भाग द्यायलाच हवा का? पंथापंथांत यावर एकमत नाही. अब्राहामाने मलकीसदेकाला दशांश दिला, मलाखी संदेष्ट्याने दशांश बुडवणाऱ्यांना खडसावलं, या आधारावर अनेक प्रॉटेस्टंट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या दशांश नेमाने घेतात. कॅथॉलिक कॅनन कायद्यात टक्केवारी ठरवलेली नाही; ख्रिस्तसभेच्या गरजा भागवणं आणि गरिबांना मदत करणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे, एवढंच तो सांगतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना दोन गोष्टींवर भर दिला: दर आठवड्याला आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा आणि कुरकुर न करता, आनंदाने द्या.

मला वाटतं, दोन्ही मतांत तथ्य आहे. आकडा नसेल तर मन स्वतःला सूट देत राहतं. रविवारच्या मिस्साला तबक समोर आलं की खिशात जी सुटी नोट असेल ती आपण टाकतो. पगार दहापट झाला तरी नोट तीच राहते. आकडाच सर्वस्व झाला तर दहा टक्के देऊन उरलेले नव्वद आपलेच, असा मालकीचा भ्रम परत येतो.

इथे एका घातक शिकवणीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. देवाला द्या म्हणजे तो दुप्पट करून परत देईल, आजार जातील, व्हिसा मिळेल, असं सांगून दान मागणारे आज मोबाइलच्या पडद्यावरून घरात येतात. कर्जात बुडालेली, आजारपणाने खचलेली माणसं त्यांना शेवटची रक्कम पाठवतात. दोन दमड्यांच्या विधवेला येशूने परताव्याचं वचन दिलं नव्हतं. आणि त्याच प्रसंगाच्या आधी, विधवांची घरं गिळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर त्याने कडक शब्दांत टीका केली होती. या दोन ओळी एकत्र वाचल्या की फसवणूक करणाऱ्यांची जागा कुठे आहे, ते कळतं.

वसईत पैसा कुठून आला

माझी आजी पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन दादरला जायची. दुपारी परतल्यावर पैसे मोजण्याआधी ती पहिल्या बोहनीची नाणी काढून एका डब्यात ठेवायची. त्या डब्यातून कधी देवळात मेणबत्ती जायची, कधी शेजारणीच्या औषधाला पैसे. ईस्ट इंडियन समाजात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादासाठी नेतात, त्यामागचा भाव हाच: पहिला घास देणाऱ्याचा.

तेव्हाचा पैसा केळीच्या बागेतून, पानवेलीतून, मोगऱ्याच्या कळ्यांतून, घामातून येत होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून तो जमिनीच्या किमतीतून येऊ लागला. हरित पट्टा बांधकामाला खुला होत गेला, नियोजन सिडकोकडे गेलं, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादकपदावरून आणि हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जमीन, पाणी आणि झाडं वाचवण्यासाठी लढा दिला. त्यासाठी त्यांना धमक्याही झेलाव्या लागल्या. २०२० मध्ये धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं; २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या लढ्याकडे अनेकांनी पर्यावरणाचा प्रश्न म्हणून पाहिलं. मला तो दानधर्माचाही प्रश्न वाटतो, कारण लेवीय ग्रंथाच्या भाषेत जमीन हा विकायचा माल नव्हे, सोपवलेली ठेव आहे.

सगळ्यांनी लोभाने जमिनी विकल्या, असं म्हणणं अन्यायाचं होईल. भाव नसलेली शेती, खारं झालेलं विहिरीचं पाणी, वाटण्या, आजारपण, मुलांची फी, ही कारणं खरी आहेत. पण विकून आलेला पैसा कुठे गेला, हे विचारायला हवं. कित्येक घरांत तो शिक्षणात गेला आणि त्याचं चीज झालं. कित्येक घरांत तो चार-चार दिवसांच्या लग्नांत, हॉलच्या भाड्यात, डीजेत, गाड्यांत गेला. पाव्हण्यांना जेवू घालणं ही आपल्याकडची सुंदर रीत आहे. शेजाऱ्याच्या बरोबरीने दिसण्यासाठी कर्ज काढायला लागलो की तीच रीत आपला गळा आवळते.

आपण काय देतो, काय राहून जातं

वसईचा ख्रिस्ती माणूस कंजूष नाही. नवं देऊळ बांधायचं असो, जुन्याचा जीर्णोद्धार असो, निधी भराभर जमतो. बाकांवर, घंटेवर, खिडक्यांच्या काचांवर दिवंगतांच्या स्मरणार्थ नावं कोरलेली दिसतात. आईवडिलांची आठवण ठेवणं चांगलंच आहे. पण उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू देऊ नये, ही शिकवण त्याच देवळात वाचली जाते, तेव्हा त्या पाट्यांकडे डोळे जातात. दगडाला द्यायला आपण जेवढे तयार असतो तेवढे माणसाला द्यायला असतो का?

आणि माणसं दूर नाहीत. १९९८ मध्ये स्वतंत्र झालेल्या वसई धर्मप्रांताची सीमा तलासरीच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचते. जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. तालुक्याच्या पूर्वेला वारली आणि कातकरी पाडे आहेत. नालासोपाऱ्याच्या चाळींत परराज्यांतून आलेली कुटुंबं एका खोलीत दाटीने राहतात आणि वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये राबतात. धर्मप्रांतातल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं आणि धर्मग्रामातल्या विन्सेंट दी पॉल संघांचे सदस्य यांच्यापर्यंत पोहोचतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी-मित्रांनी हा संघ काढला. गरिबाच्या घरी स्वतः जाऊन बसायचं, हा त्याचा नियम आजही मोलाचा आहे, कारण घरी गेल्यावर माणसाचं नाव कळतं.

पण दानाच्या आधी मजुरी येते. याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असा आशय आहे. वाडीत काम करणारा आदिवासी मजूर, घरकाम करणारी बाई, हॉलमध्ये वाढणारी पोरं, म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करणारी मुलगी, या सर्वांना वेळेवर आणि पुरेसे पैसे देणं ही जक्कयाने पाळलेली पहिली पायरी आहे. ती ओलांडून थेट दानपेटीपाशी जाता येत नाही.

दानाला अट असू नये, हेही इथेच सांगतो. ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, हा आरोप जुना आहे. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या संस्थेतल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी तिच्याशी संबंध तोडला होता. आरोपांना उत्तर देण्यात शक्ती खर्चण्यापेक्षा आपलं वागणं निर्मळ ठेवावं. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमीला उचलताना त्याचा धर्म विचारला नाही आणि बरा झाल्यावर स्वतःचा शिकवलाही नाही. त्याने धर्मशाळेचे पैसे भरले आणि तो वाटेला लागला.

हिशेब हीसुद्धा श्रद्धा

पौलाने जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा रक्कम एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कोणी बोट ठेवू नये म्हणून. आजचा कॅनन कायदाही प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा असं सांगतो. गरिबीमुळे कोणी साक्रामेंतांना मुकू नये, अशीही तरतूद त्यात आहे. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याची लेखापरीक्षणाची सक्ती वेगळीच. तरी वार्षिक हिशेब सूचना फलकावर लागणं आणि त्यावर लोकांनी शांतपणे प्रश्न विचारणं, याची सवय सगळीकडे रुजलेली नाही. प्रश्न विचारणारा अश्रद्ध ठरू नये, आणि उत्तर देणाऱ्याला तो अपमान वाटू नये.

आता याची निकड वाढली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलांमुळे एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे परदेशी निधी वळवण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली. आदिवासी भागातल्या छोट्या संस्थांना याची झळ बसते. एकेकाळी युरोपातल्या अनोळखी श्रद्धावंतांच्या पैशावर इथल्या कित्येक शाळा चालल्या. आता ती जबाबदारी आपली आहे, आणि ती पेलण्याइतका पैसा वसईत आहे.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. योबेल वर्षात जमीन परत करण्याचा दंडक होता. इमारतीखाली गेलेली जमीन आता परत करता येणार नाही, पण तिच्या किमतीचा एक हिस्सा करता येईल. जमीन विकणाऱ्या प्रत्येक घराने लग्नाचा हॉल ठरवण्याआधी त्या रकमेतला ठरावीक भाग वेगळा काढावा. प्रत्येक धर्मग्रामाने असा निधी उघड्या हिशेबाने चालवावा आणि तो जात-धर्म न पाहता आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी, चाळीतल्या आजाऱ्यांसाठी, नव्याने भाजीची वाडी लावू पाहणाऱ्या तरुणांना बिनव्याजी भांडवल म्हणून वापरावा. १९१८ मध्ये आपल्याच पूर्वजांनी तुटपुंज्या पैशांत याहून अवघड गोष्ट करून दाखवली होती.

आजीचा तो पत्र्याचा डबा आमच्या घरी अजून आहे. घरातलं कोणी आता दादरला जात नाही. पगार मोबाइलवर जमा होतो. आम्ही त्या डब्यात दर महिन्याला, किराणा आणण्याआधी, पहिली रक्कम टाकतो. हे पैसे आपले नाहीत, असं मुलीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “मग कोणाचे?” त्या रविवारी मिस्सानंतर आम्ही तिला आमच्या धर्मग्रामातल्या विन्सेंट दी पॉलच्या मंडळींबरोबर पूर्वेकडच्या पाड्यावर घेऊन गेलो.